बुधवारी फक्की मारली नव्हती

दिनांक १६ जानेवारी १९९४, रविवार. सायंकाळी ६ वाजून १० मिनिटे.

नाव: बेबाबाई सुपडू भोई. वय: अंदाजे ४४ वर्षे. धंदा: सुक्या मिरचीचे देठ खुडण्याची मजुरी, तसेच मुलींच्या कबड्डी मंडळाच्या मैदानावर रोज संध्याकाळी फक्की मारणे (हा धंदा होत नाही असे हवालदारसाहेबांचे म्हणणे, माझ्या आग्रहावरून लिहिला). राहणार: भोई गल्ली, दोंडाईचा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे.

मी आपणहून ठाण्यात आले आहे, कोणी पढवलेले नाही, आणि विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी नवऱ्यासह राहते. नवरा तापीवर मासे धरतो. एकच मुलगी, सुनंदा, ती पिंपळनेरला दिली आहे. मला वाचता येत नाही, सही करता येते. हवालदारसाहेबांनी मला दोनदा सावकाश बोलायला सांगितले. मला एरवीही सावकाश बोलता येत नाही, आज तर मुळीच येणार नाही. त्यांनी चहा दिला तो अर्धा माझ्या लुगड्यावर सांडला. तो भीतीने नव्हे. आम्ही जिंकलो, एवढे आधी लिहून घ्या, म्हणजे मला बाकीचे ओळीने सांगता येईल.

आमच्या मंडळाचे मैदान बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे आहे. मैदानाच्या कडेला जुनी कापसाची कोठी आहे. तिला एक दार, खिडकी नाही. चटया, चुन्याचे पोते, मालिशचे तेल असे सामान तिच्यात ठेवतात. मंडळाचे अध्यक्ष मोतीलालभाऊ. मी ज्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, मिरची खुडते ती पथारीही त्यांचीच. माझी सुनंदा या मंडळात तीन वर्षे खेळली. तिचे लग्न झाले, ती गेली, पण पाच वाजले की माझे पाय मैदानाकडेच वळायचे. घरी बसून काय भिंती मोजायच्या? म्हणून मी फक्की मारायला लागले.

फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. दोरी ताणायची, भोके पाडलेला डबा हलवत रेषा ओढायच्या. मध्यरेषा, निदान रेषा, बाजूच्या रेषा, सगळ्या मी मारते. दोन वर्षांत माझी एक रेषा वाकडी गेलेली नाही. रेषा नसेल तर खेळ नाही, कारण मग बाद कोण आणि जिवंत कोण हे कोण सांगणार? मैदान ओले असले तर मी फक्की मारत नाही आणि त्या दिवशी सराव होत नाही. हे साऱ्या मुलींना ठाऊक आहे. साहेबांनीही ध्यानात ठेवावे, कारण पुढे सगळे यावरच येणार आहे.

रतिलाल सर दोन वर्षांपूर्वी बाहेरगावाहून मंडळाला मार्गदर्शक म्हणून आले. त्यांचे पूर्ण नाव मला माहीत नाही, ते शेजारच्या खोलीत बसलेले आहेत, त्यांना विचारावे. खोटे बोलणार नाही, शिकवायला माणूस हुशार. त्यांच्या हाताखाली आमच्या मुली धुळ्याच्या स्पर्धेत दुसऱ्या आल्या. मग काय, गावाने त्यांना डोक्यावर घेतले. आयांनी घरोघरून पुरणपोळ्या पाठवल्या. मीसुद्धा वाळवलेले मासे दिले. कोठीची किल्ली त्यांच्याच खिशात असायची. मुलींच्या मंडळाच्या कोठीची किल्ली एकट्या पुरुषाच्या खिशात कशाला, असे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. मैदानावर मोठी बाई म्हणून मी एकटीच होते, पण मी फक्कीवाली, मला कोण विचारतो असे वाटायचे.

आमच्या संघात सात नंबरचा बनियन घालणारी मुलगी आहे. वय पंधरा, नववीत शिकते. तिचे नाव मी फौजदारसाहेबांना वेगळ्या कागदावर लिहवून दिले आहे, या कागदावर लिहू देणार नाही. हा कागद किती टेबलांवरून फिरेल कोणाला माहीत. ती चढाई करते. चढाईला गेली की समोरच्या संघाच्या सातही पोरी मागे सरकतात.

गेल्या दिवाळीनंतर पाच-सहा दिवसांनी ती पाण्याच्या माठापाशी माझ्याजवळ आली. आजूबाजूला कोणी नव्हते. ती म्हणाली, "मावशी, सर मना पाय धरतस."

येथे हवालदारसाहेबांनी पहिल्यांदा "मुलगी सरांचे पाय धरते" असे लिहिले होते. ते कोल्हापूरकडचे आहेत, त्यांना आमची अहिराणी कळत नाही. मी ते खोडायला लावले. ती सरांचे पाय धरत नव्हती. सर तिचा पाय धरत होते. एका अक्षरात माणसे उलटी होतात.

आता मी काय केले ते सांगते. मी हसले. मी म्हणाले, "मंग सोडाव ना! तू चढाईवाली शेस का बुजगावनं?" कारण कबड्डीत पाय धरणे हाच तर खेळ आहे. चढाईवालीचा घोटा धरायचा, तिने तो सोडवून मध्यरेषा गाठायची. मैदानावर दिवसातून पन्नास वेळा "पाय धर, पाय धर" असा ओरडा चालतो. तीही थोडी हसली. मग माठातले पाणी घेतले, प्यायली नाही, माठाच्या बुडाशी ओतले आणि गेली. ओतलेले पाणी माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या वेळी मी म्हटले, पोरगी पाणी वाया घालवते.

त्यानंतर ती सरावाला उशिरा यायला लागली आणि सगळ्यांच्या आधी पळायला लागली. सर तिला थांबवून घ्यायचे. म्हणायचे, हिच्या पोटऱ्या आखडतात, हिची जादा तयारी घ्यायची आहे. आम्हाला अभिमान वाटायचा, की आमची पोर जादा तयारीच्या लायकीची आहे.

दिनांक १३ रोजी, गुरुवारी, भोगीच्या दिवशी मी रेषा मारत असताना ती पुन्हा माझ्याजवळ आली. दोरीचे दुसरे टोक तिने धरले. म्हणाली, "मावशी, काल बी सरनी मना पाय धरा." मी डबा हलवत होते. मी म्हटले, भोगीच्या दिवशी तरी खेळाच्या तक्रारी नको, दोरी ताठ धर. तिने दोरी ताठ धरली. बास, एवढेच.

आज दिनांक १६ रोजी मी सकाळपासून पथारीवर मिरची खुडत होते. दुपारी तीनच्या सुमारास हमीदा आली. हमीदा ही नूर महंमद पिंजारी यांची मुलगी, वय सतरा, आमच्या संघाची कॅप्टन. तिच्या गळ्यात शिट्टी कायम असते, झोपतानाही असावी. ती रागाने लाल झाली होती. तिने सांगितले की जळगावला विभागाचे तीन दिवसांचे शिबिर आहे, एकाच मुलीची जागा आहे, आणि सर सात नंबरला घेऊन आत्ताच्या गाडीने निघाले आहेत. सोबत दुसरे कोणी नाही. हमीदाला कॅप्टन असून विचारले नाही याचा राग होता.

मी म्हटले, तिची जादा तयारी झाली असेल, बुधवारीसुद्धा सरांनी तिला पाय धरायचे शिकवले. हमीदा म्हणाली, "मौसी, बुधवार को तो मैदान में कीचड था. परेक्टिस कहाँ हुई?"

खरेच. बुधवारी नळ फुटला होता. अर्ध्या मैदानात पाणी होते. मी डबा घेऊन गेले आणि तशीच परत आले. बुधवारी मी फक्की मारली नव्हती. रेषा नाही तर खेळ नाही. खेळ नाही तर पकड नाही. मग सरांनी तिचा पाय धरला तो कुठे?

माझ्या हातातली मिरची खाली पडली, देठ हातातच राहिला. मी हमीदाकडे पाहिले. तिने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग म्हणाली, "मेरे को भी बोली थी वो. मैं भी हँस दी." मी विचारले, आणखी कोणाला बोलली? तिने तीन मुलींची नावे घेतली. सगळ्या हसल्या होत्या. पोरीने गावभर सांगितले होते, आणि गावभर आम्ही तिला खेळ शिकवत बसलो.

गाडीची वेळ तीन चाळीसची. पथारीवरच्या घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटे झाली होती. मी हात धुतले नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण यावरून माझ्याविरुद्ध तक्रार झालेली आहे. मिरची खुडणाऱ्या बाईने हात धुवायचे म्हणजे आधी तेल लावायचे, मग राख, मग पाणी, पाव तास जातो. पाव तास माझ्याकडे नव्हता. मी लुगड्याचा ओचा खोचला आणि पळाले.

हमीदा पुढे, मी मागे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ती तीन शिट्ट्या मारायची. तीन शिट्ट्या म्हणजे सरावाला या. आणि पोरी निघाल्या ना साहेब! एक कणकेच्या हातांनी निघाली, एकीचे केस ओले, एकीच्या पायात एकच चप्पल. का, कशाला, कुठे, एकीने विचारले नाही. शिट्टी झाली म्हणजे यायचे, हे सरांनीच त्यांना शिकवले होते. स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत हमीदा धरून पाच मुली झाल्या आणि मी सहावी. माझ्या वयाच्या बाईने बाजारपेठेतून असे धावणे गावाने कधी पाहिले नसेल. किराणा दुकानदाराने विचारले, मावशी, आग लागली का? मी म्हटले, लागली.

स्टेशनवर पोचलो तेव्हा भुसावळकडे जाणारी पॅसेंजर येऊन उभी होती. देवाची कृपा, ती नेहमीप्रमाणे उशिरा आली होती. रतिलाल सर तिसऱ्या डब्याच्या दाराशी होते. सात नंबरची पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली होती. पिशवी आपल्याकडे असली की पोर पळत नाही, एवढे गणित माझ्याही ध्यानात आले. तिची आई कापूस वेचायला गेलेली, पोचवायला कोणी नव्हते. मुलगी मान खाली घालून उभी होती.

मला पाहून सर हसले. म्हणाले, "काय बेबाबाई, वाटे लावायला आलात?" वाटे लावणे म्हणजे आमच्याकडे गाडीपर्यंत पोचवायला येणे.

मी म्हणाले, "वाटे नही सर, वाट लावाले उनू."

ते अजून हसतच होते. मी त्यांच्याशी पुढे बोलले नाही. मुलीसमोर उभी राहिले आणि जो प्रश्न दिवाळीत विचारायचा तो आज विचारला. "पोरी, बुधवारे चिखल व्हता. मी फक्की मारी नही. मंग सरनी तुना पाय कोठे धरा?"

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिले, हमीदाकडे पाहिले. म्हणाली, "कोठीमा."

एवढा एकच शब्द. आणखी काही मी तिला विचारले नाही आणि तिथे विचारणारही नव्हते. जे विचारायचे ते आता बाईमाणसाने, दार बंद करून, तिच्या आईला शेजारी बसवून विचारावे, अशी माझी विनंती आहे.

गार्डाने शिट्टी दिली. सरांचे हसू गेले. त्यांनी मुलीचे मनगट पकडले आणि डब्यात पाय ठेवला. मी ओरडायला तोंड उघडले, पण माझी गरजच पडली नाही. पोरीने मनगटाला अंगठ्याच्या बाजूने झटका दिला आणि हात सोडवून घेतला. हा डाव सरांनीच शिकवलेला. मी रोज पाहते, पण इतका साफ कधी पाहिला नव्हता. तो पाहून माझ्या तोंडून "वा!" निघाले. अशा वेळी वा म्हणणे शोभते का मला माहीत नाही, पण निघाले.

सर म्हणाले, पोरगी वेडी झाली, आणि एकटेच डब्यात चढू लागले. तेवढ्यात हमीदा ओरडली, "साखळी!"

साखळी म्हणजे मुली एकमेकींचे हात धरून चढाईवाल्याला घेरतात. चार जणी डब्याचे दार आणि सर यांच्यामध्ये शिरल्या, आणि सर फलाटावर आले. ते डावीकडे वळले, साखळी डावीकडे. उजवीकडे वळले, साखळी उजवीकडे. मग हुलकावणी देऊन ते मालधक्क्याच्या बाजूने पळायला निघाले. तिकडे आमची कोपऱ्यातली खेळाडू उभीच होती, एका चपलेची. तिने असा घोटा धरला की बस! सर गुडघ्यावर आले. हमीदा कमरेला बसली. उखर्डू हमाल डोक्यावरचे ओझे खाली टाकून "बाद! बाद! बाद!" म्हणून नाचायला लागला. गाडीच्या खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना काय चालले आहे हे माहीत नसणार, पण पकड चांगली झाली हे कोणालाही दिसले असते.

दुसरा पाय मोकळा होता. तो मी धरला. आयुष्यात मी रेषेच्या बाहेरच उभी राहिले, आत पाऊल टाकले नाही. आज टाकले. दोन्ही हातांनी, पोटाशी आवळून धरला.

सरांची तक्रार आहे की मी त्यांच्या डोळ्यांत मिरचीची पूड फेकली. हे खोटे आहे. माझ्याकडे पूड नव्हती, पुडी नव्हती. त्यांनी मला ढकलण्यासाठी तोंड खाली आणले तेव्हा माझा उजवा हात त्यांच्या चेहऱ्याला लागला. हात न धुतलेला होता. तो एकदाच लागला. दुसऱ्यांदा लागला की नाही ते आठवत नाही. कबड्डीत केस धरणे, कपडे ओढणे, तोंड दाबणे नियमाबाहेर आहे, त्यातले आम्ही काहीही केलेले नाही. उखर्डू हमालाला विचारावे.

डोळ्यांत आग झाल्यावर सर मोठ्याने म्हणाले, "बाई, तुमचे पाय धरतो, सोडा!" मी म्हणाले, "सर, पाय मी धरलेला शे."

मुली हसल्या. सात नंबरसुद्धा हसली. माठापाशी बोलून गेल्यापासून ती माझ्यासमोर हसलेली नव्हती, आणि हे मला आत्ता फलाटावर पडल्या पडल्या कळत होते.

गाडी गेली. रेल्वेचे शिपाई आले, तोपर्यंत आम्ही पकड सोडली नाही. त्यांनी सोडा म्हटल्यावर हमीदाने शिट्टी मारली, मग सोडली. सात नंबरची पिशवी फलाटावर पडली होती. तिच्या आईने बांधून दिलेल्या भाकरी बाहेर आल्या होत्या. पोरीने त्या एकेक उचलून, फुंकून, पुन्हा फडक्यात बांधल्या. तीन दिवस पुरतील एवढ्या होत्या.

तेथून आम्हा सर्वांना या ठाण्यात आणले. फौजदारसाहेबांनी जळगावला फोन लावला, तेव्हा असे कोणतेही शिबिर तिथे नाही असे कळले. मुलीची आई शेतातून आली आहे, ती मुलीजवळ बसली आहे.

सुमारे साडेपाच वाजता मोतीलालभाऊ ठाण्यात आले. मला बाहेर कडुलिंबाखाली बोलावले. भाऊ वाईट माणूस नाही. सुनंदाच्या लग्नात त्यांनी मांडव दिला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, ते मंडळासाठी की पोरीसाठी हे मला ओळखता आले नाही. ते म्हणाले, "बेबाबाई, पोरनं लगीन व्हवानं शे आजून. जबाबमा पाय धरानं काही लिखाडू नको. गैरसमज व्हयना, असं सांग. नहीतर बठ्ठा बाप पोरीस्ले घरमा कोंडतीन, मंडळ बंद पडी."

ते म्हणतात ते अगदी खोटे नाही. उद्या चार बाप म्हणतील, झाला एवढा खेळ पुरे. हमीदाच्या अब्बांनी किती बोलणी खाऊन तिला मैदानात पाठवले आहे, मला माहीत आहे. आणि उद्या सकाळी मला पथारीवर काम मिळेल की नाही, तेही मला माहीत नाही. तरी मी म्हणाले, "भाऊ, देठ ठेवीसन तुम्ही मिरची लेतस का? मंग मना जबाब गैरसमजना देठसकट कसाले मांगतस?" जाताना त्यांनी खिशातून कोठीची दुसरी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. दुसरी किल्ली आहे हे मला आजच समजले. ती मी हमीदाकडे दिली आहे.

मी आत आले तेव्हा सात नंबर आईच्या मांडीला टेकून बसली होती. मला वाटले होते, ती विचारेल सरांना काय होईल, किंवा लोक काय म्हणतील. तिने विचारले, "मावशी, सकाय फक्की मारशी ना?" सकाय म्हणजे उद्या, हे हवालदारसाहेबांसाठी सांगते.

मी तिला हो म्हटले आहे. उद्या सोमवारी पाच वाजता मी फक्की मारणार. सात मुली आल्या तरी मारीन, दोन आल्या तरी मारीन. कोठीचे दार मी माझ्या नवऱ्याला उखडायला लावणार आहे. भाऊंना ते चोरी वाटले तर त्यांनी तशी तक्रार द्यावी. चटया चोरीला गेल्या तर जाऊ द्या. यापुढे कोणी मुलगी एकटी, कोणाहीबरोबर, कितीही मोठ्या शिबिराला जाणार नाही. बरोबर दुसरी मुलगी आणि एक बाई जाईल. बाई मिळाली नाही तर मी जाईन, मजुरी बुडाली तरी. आणि एखादी पोर माठापाशी येऊन काही बोलली, तर आधी हसायचे नाही. आधी विचारायचे, कोठे? हे ठाण्याने लिहून घ्यावे असा काही कायदा नाही, असे हवालदारसाहेब म्हणतात. त्यांनी तरीही लिहिले, त्याबद्दल त्यांचे उपकार.

वरील सर्व मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवण्यात आले. ऐकताना मी दोन ठिकाणी थांबवले. पहिली खाडाखोड पाय धरण्याची, ती वर आलेली आहे. दुसरी शेवटच्या पानावर होती. तिथे नेहमीच्या पद्धतीने असे लिहिले होते की, "सदर मुलीने यापूर्वी याबाबत कोणाकडेही तक्रार केलेली नाही." ती ओळ मी खोडायला लावली. हवालदारसाहेब म्हणाले, लेखी तक्रार नाही म्हणून तसे लिहितात, तुमचेच नाव यात येईल, राहू द्या. मी राहू दिले नाही. त्याजागी माझ्या सांगण्यावरून पुढील मजकूर लिहिला आहे:

मुलीने यापूर्वी दोनदा सांगितले. पहिल्यांदा माठापाशी, दुसऱ्यांदा दोरी धरून. दोन्ही वेळा ऐकायला मी होते.

आता बरोबर आहे. सही करते.

(सही) बेबाबाई सुपडू भोई
कागदावरील तांबडे डाग मिरचीचे आहेत.